चुकांची वही

स्मरणिकेसाठी मला शाळेचा इतिहास लिहायला सांगितला होता. इमारत कधी झाली, पत्रे काढून स्लॅब कधी पडला, पहिली बॅच कोणती, हे सगळं कार्यालयातल्या दप्तरात आहे आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्यात बसलेले आहेत. मी संपादक मंडळाची परवानगी घेऊन एका वहीचा इतिहास लिहितो. दोनशे पानी, आखीव, खाकी पुठ्ठ्याची. वर लिहिलं आहे 'चुकांची वही', त्याखाली 'इयत्ता नववी अ', आणि नंतर 'नववी' खोडून 'दहावी'. १९८० च्या एसएससी बॅचपैकी बऱ्याच जणांचं हस्ताक्षर या वहीत आहे. काहींना ती आठवतही नसेल. एकाला मात्र नक्की आठवते, आणि त्याच्यासाठीच हा लेख आहे.

तेव्हा नांदेडात कॉमिक्स मिळण्याचे मार्ग तीन. एक, स्टेशनवरचा पुस्तकांचा स्टॉल. मनमाडकडून येणाऱ्या मीटरगेजच्या गाडीने गठ्ठे यायचे, आणि ते सुटेपर्यंत आपण प्लॅटफॉर्मवर ताटकळायचो. दोन, वजिराबादेतले रद्दीवाले. तीन, आपल्याच वर्गातला एक मित्र, ज्याच्या घरी पत्र्याची एक मोठी पेटी होती. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आपण त्याला 'शेठ' म्हणायचो, तेच चालू ठेवतो. शेठ कॉमिक्स किरायाने द्यायचा. एका दिवसाला दहा पैसे, आणि पान दुमडलं तर पाच पैसे दंड. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे मिळेल ते त्या पेटीत असायचं. चांदोबा होता, अमर चित्र कथा होती, पण जीव होता तो इंद्रजाल कॉमिक्सवर. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि १९७६ पासून आबिद सुरतींनी लिहिलेला आपला देशी बहादूर, केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला.

वहीची सुरुवात भांडणातून झाली. वेताळच्या दोन्ही हातांत अंगठ्या असतात. उजव्या हातात कवटीची, जिचा ठसा गुंडाच्या जबड्यावर कायमचा उमटतो. डाव्या हातात संरक्षणाच्या खुणेची. आता उजव्या हाताने समोरच्याला ठोसा मारला तर कवटी त्याच्या कोणत्या गालावर उमटेल? डाव्या, असं अर्धा वर्ग म्हणाला. उरलेला अर्धा म्हणाला, हात फिरवून मारला तर उजव्यावरही उमटू शकते. मधल्या सुट्टीत एका बटणाला शाई लावून प्रयोग झाला. ज्याच्या गालावर प्रयोग झाला तो आज नांदेडातला नामांकित वकील आहे, तेव्हा जास्त लिहीत नाही. त्या दिवशी ठरलं की यापुढे प्रत्येक चौकट तपासायची, आणि खटकेल ते वहीत नोंदवायचं. अंक क्रमांक, पान, चौकट, काय चुकलं, कोणाला सापडलं. पाच रकाने.

पहिली मोठी नोंद भूगोलाची आहे: 'वेताळच्या जंगलात वाघ आहे. आफ्रिकेत वाघ नसतो.' ही नोंद करायच्या आधी आपण भूगोलाच्या सरांना विचारलं होतं. सरांनी विचारलं, "कोणत्या पाठात आहे हे?" आपण गप्प. मग सरांनी वहीच जप्त केली. दुसऱ्या दिवशी परत दिली तेव्हा वाघाच्या नोंदीपुढे लाल शाईने 'बरोबर' लिहिलं होतं, आणि खाली आपल्याच सात शुद्धलेखनाच्या चुकांभोवती गोल काढलेले होते. 'कॉमिक्सच्या चुका काढण्यापूर्वी ऱ्हस्व-दीर्घ पाहावे.' ते लाल गोल अजून आहेत. शाई तपकिरी झाली आहे.

या वाघाचं उत्तर मला शाळेत असताना मिळालं नाही. ते मिळायला नोकरी आणि निम्मं आयुष्य गेलं. वेताळचा जन्म अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात १७ फेब्रुवारी १९३६ रोजी झाला. जन्मदाता ली फॉक. त्याच्या सुरुवातीच्या कथांत वेताळचा मुलूख आफ्रिकेत नव्हताच. तो आशियात, आपल्याच बाजूला कुठेतरी, धूसर ठेवलेला होता. समुद्री चाचे होते 'सिंघ'. जंगलातल्या बुटक्या जमातीचं नाव 'बांदर'. वडिलांच्या खुन्याचं नाव 'राम'. आणि देशाचं नाव बंगालशी नातं सांगणारं, 'बंगाला'. पुढे हळूहळू तो मुलूख आफ्रिकेत सरकला, पण सामान हलवताना काही वस्तू जुन्या घरी राहतात आणि काही नको त्या बरोबर येतात, तसं झालं. वाघ बरोबर आला. म्हणजे आपण जी चूक म्हणून लिहिली, ती खरं तर वेताळच्या जुन्या पत्त्याची खूण होती.

मुंबईत १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने इंद्रजाल सुरू केलं तेव्हा तिथल्या संपादकांपुढे वेगळाच पेच पडला. अमेरिकेत 'बंगाली', 'सिंघ', 'राम' ही नुसती पूर्वेकडची वाटावीत अशी नावं. इथे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची. आपल्या वर्गाचाच विचार करा. गुरुद्वारा दहा मिनिटांवर, बाकावर शेजारी सरदारजींचा मुलगा, आणि कॉमिक्समध्ये सगळे सिंघ दरोडेखोर! त्यांनी मुलुखाचं 'डेंकाली' केलं, सिंघांचे 'सिंगा' केले, रामाचा 'रामालू' केला. ही कात्री लावणाऱ्यांचं मला आज कौतुक वाटतं. तेव्हा मात्र आपण वहीत लिहिलं होतं: 'इंग्रजी जुन्या पुस्तकात बंगाला, इथे डेंकाली. लेखकाला स्वतःच्या देशाचं नाव आठवत नाही.' ही नोंद माझी आहे, आणि अक्षर फार आत्मविश्वासाचं आहे.

दुसरी एक नोंद वारंवार येते: 'वेताळचा चेहरा बदलला.' कधी तो साधा, दोन-चार रेघांत उरकलेला. कधी पिळदार, सावल्या टाकून काढलेला. आपला निष्कर्ष, चित्रकाराला कंटाळा आला. प्रत्यक्षात चित्रकारच दोन. विल्सन मॅकॉय १९६१ मध्ये वारले, त्यानंतर साय बॅरी आले. इंद्रजालमध्ये दोघांचंही काम आलटून पालटून छापलं जायचं, जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे वाचणाऱ्याला कोण सांगणार? कपड्यांच्या रंगाचंही तेच. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत वेताळ निळा होता, नंतर जांभळा झाला. फॉकच्या मनात म्हणे करडा होता. १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पानावर तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल. जिथला छापखाना जसा, तसा वेताळ.

सगळ्यात जास्त नोंदी मात्र आणखी एका प्रकारच्या आहेत, ज्याला वहीत 'उडी' असं नाव आहे. एका चौकटीत वेताळ बांधलेला, पुढच्या चौकटीत घोड्यावर. दोर कोणी सोडला? एका चौकटीत रात्र, पुढच्यात दुपार. उलट प्रकारही होता, 'पाल्हाळ': पात्र तीन चौकटींपूर्वी सांगितलेलंच पुन्हा सांगतं. या दोन्हींचं कारण एकच निघालं. या कथा पुस्तकासाठी काढलेल्याच नव्हत्या. वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींची पट्टी यायची. काल ज्याने पेपर घेतला नाही त्याच्यासाठी आजच्या पहिल्या चौकटीत कालचं थोडं सांगावं लागे. महिनोन्‌महिने चाललेली ती गोष्ट मुंबईत एका पातळ अंकात कोंबायची, म्हणजे चौकटी कापायच्या, छाटायच्या, काही टाकून द्यायच्या. पाल्हाळ राहिलं तिथे कात्री चालली नाही, आणि जास्त चालली तिथे उडी झाली. आपण वहीत दोष लावला तो बिचाऱ्या फॉकला.

चांदोबाच्या पानांवर एकच नोंद आहे, पण ती मला सगळ्यांत आवडते. 'वेताळाच्या गोष्टी पंचवीसच आहेत, आजीने सांगितले. मग चांदोबात दर महिन्याला नवीन कुठून?' खाली वेगळ्या अक्षरात, 'विक्रम राजाला मौन पाळता येत नाही म्हणून.' ज्या मित्राच्या आजीने हे सांगितलं तिचं म्हणणं खरंच होतं. मूळ वेतालपंचविंशतीत पंचविसाव्या वेळी राजा गप्प राहतो आणि कथा संपते. मासिकाला ते परवडणारं नव्हतं. राजाने तोंड उघडलं नसतं तर अंक बंद पडला असता. आणि आपल्यातल्या काहींचा तर आणखी गोंधळ होता: झाडाला लटकणारा वेताळ आणि कवटीच्या सिंहासनावरचा वेताळ एकच का? खेड्यातून येणाऱ्या मित्रांच्या गावात वेशीबाहेर शेंदूर लावलेला तिसरा वेताळ होता. तो ना गोष्ट सांगायचा ना ठोसे मारायचा; पण रात्री त्याच्यावरून जायला सगळ्यांना भीती वाटायची.

मुलींचा या वहीत एकच सहभाग आहे, आणि तो सगळ्यांवर मात करणारा आहे. ब तुकडीतल्या एकीने (आता लातुरात गणित शिकवून निवृत्त झाली, मेळाव्याला येते आहे) एका पानावर हिशेब मांडला. पहिला वेताळ चारशे वर्षांपूर्वीचा. आताचा एकविसावा. म्हणजे आधीच्या वीस जणांना चारशे वर्षं, प्रत्येकी वीस. तेवढ्यात लग्न करायचं, मुलगा वाढवायचा, त्याला तयार करायचं आणि मरायचं. जमतं, पण जेमतेम. तिचा शेरा: 'हिशेब बरोबर. चूक नाही.' आपण नाराज झालो. पण तिचा हिशेब एक पायरी पुढे नेला तर खरी गंमत आहे. पहिल्या वेताळची शपथ १५३६ ची. १५३६ ते १९३६ ही चारशे वर्षं वीस जणांनी वाटून घेतली. आणि एकविसावा एकटा १९३६ पासून आपण दहावीला बसेपर्यंत तसाच तरणाबांड! डायना पामर त्याला पहिल्याच कथेत भेटली आणि लग्न लागलं १९७७ मध्ये. एक्केचाळीस वर्षं ठरून राहिलेली सोयरीक मराठवाड्यात कोणत्या मुलीच्या बापाने खपवून घेतली असती?

अशा वह्या ठेवणारे आपण एकटे नव्हतो, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. अमेरिकेत मार्व्हल कंपनीच्या १९६३ मधल्या स्पायडरमॅनच्या पहिल्याच अंकात पीटर पार्करला काही ठिकाणी 'पामर' म्हटलं गेलं. पुढच्या वर्षी हल्कच्या ब्रूस बॅनरला 'बॉब' करून टाकलं. वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा स्टॅन ली यांनी सांगून टाकलं की त्याचं पूर्ण नावच रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे! चुका काढणाऱ्यांना ते 'नो-प्राइझ' द्यायचे. पुढे पुढे घरी खरोखरचा लिफाफा यायचा, आत काहीच नसलेला. नंतर तर नियम असा झाला की चूक दाखवणाऱ्याला नाही, ती चूक कशी नाही हे पटवणाऱ्याला लिफाफा. युरोपात याहून कडक कारभार. टिनटिनची 'द ब्लॅक आयलंड' ही गोष्ट ब्रिटनमध्ये घडते. तिथल्या मेथ्युएन या प्रकाशकाने चित्रकार हर्जेला १३१ चुकांची यादी पाठवली. हर्जेने आपला सहकारी बॉब द मूर याला १९६१ मध्ये ब्रिटनला धाडून सगळं पाहून घ्यायला लावलं आणि अख्खं पुस्तक नव्याने काढलं. ते १९६६ मध्ये आलं. आपल्या वहीत शेवटी २१२ नोंदी आहेत. हर्जेला कळलं असतं तर त्याने आपल्या शाळेला पत्र लिहिलं असतं, की तोंड लपवलं असतं, सांगता येत नाही.

या वहीला आपल्या गावातला एक आधारही होता. मराठीच्या सरांनी एकदा ती चाळली आणि वर्गाला 'श्रीमान योगी'बद्दल सांगितलं. रणजित देसाईंच्या त्या कादंबरीला प्रस्तावना आहे नरहर कुरुंदकरांची, आणि ती मुळात देसाईंना लिहिलेलं एक लांबलचक पत्र आहे. कुरुंदकर तेव्हा इथेच, पीपल्स कॉलेजात. रस्त्याने जाताना दिसायचे. सर म्हणाले, "कुरुंदकर काय करतात ते बघा. अमुक गोष्ट चुकली एवढ्यावर थांबत नाहीत. ती पहिल्यांदा कोणी लिहिली, कधी लिहिली, त्याला ती कशी कळली, हे विचारतात. तुमच्या वहीत पाच रकाने आहेत. सहावा काढा. चूक कुणाची?"

आपण सहावा रकाना काढला. पट्टीने, शिस्तीत. पुढच्या नोंदींत तो बहुतेक ठिकाणी रिकामा आहे. कुठे 'लेखक' आहे, कुठे 'छापखाना'. एकाच ठिकाणी माणसाचं नाव आहे.

१९७९ च्या दिवाळीत शेठच्या घरी काहीतरी बिनसलं. मोंढ्यातलं दुकान बंद झालं होतं, एवढंच आपल्याला कळलं. त्याने पेटी विकायला काढली. मी शिष्यवृत्तीच्या पैशातून इंद्रजालचे १०१ ते १५० असे अंक मागितले. चार आण्याला एक, पन्नास अंकांचे साडेबारा रुपये. सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन मी घरी आलो आणि ओसरीवर क्रमाने लावले. अठ्ठेचाळीस निघाले. १२३ आणि १२४ नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "माह्याकडं ते कधी नव्हतेच."

"मग पन्नासाचे पैसे कामून घेतले?"

"म्या मोजले नाहीत रे. तू एकशेएक ते दीडशे म्हणलास, म्या बांधून दिले."

मला वाटलं, नक्कीच ते दोन भारी अंक असणार, म्हणून त्याने दडवले. मी तसं बोललो. सगळ्यांसमोर बोललो, आणि एक शब्द वापरला जो दुकान बुडालेल्या घरातल्या मुलाला वापरायचा नसतो. मग वही काढली आणि नोंद केली. क्रमांक २१२. 'अंक १२३, १२४ गहाळ.' सहाव्या रकान्यात त्याचं नाव. वही वर्गात फिरली. शेठने वाचली, खिशातून चार-चार आण्यांची दोन नाणी काढून माझ्या बाकावर ठेवली आणि मागे जाऊन बसला. मार्चमध्ये परीक्षा झाली. निकालाच्या आधीच ते कुटुंब नांदेड सोडून गेलं. वहीत त्यानंतर नोंद नाही.

ते दोन अंक मी पुष्कळ वर्षं शोधले. बदलीच्या प्रत्येक गावी रद्दीवाल्याकडे पहिला प्रश्न तोच. औरंगाबादेत, सोलापुरात, हैदराबादच्या कोठीत रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात. १२२ मिळायचा, १२५ मिळायचा. मधले दोन नाहीत म्हणजे ते फार दुर्मिळ, अशी माझी खात्रीच पटत गेली.

काही वर्षांपूर्वी संग्राहकांनी केलेली इंद्रजालची संपूर्ण यादी माझ्या हाती आली. मालिका १९९० मध्ये बंद पडली. १ ते ४४३ पर्यंत सलग क्रमांक, त्यानंतर खंड २० अंक १ अशी नवी पद्धत, ती खंड २७ अंक ८ पर्यंत. क्रमांकांची बेरीज ८०५ होते. प्रत्यक्षात निघालेले अंक ८०३. टाइम्समध्ये संप झाला होता आणि त्यात दोन अंक निघालेच नाहीत. छापखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा क्रमांक मागे न घेता पुढचा अंक काढला.

न निघालेले ते दोन अंक म्हणजे १२३ आणि १२४.

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. बायकोने विचारलं, काही वाईट बातमी आहे का. आपण पाटी-पेन्सिलीच्या वयात असताना मुंबईत कामगारांनी यंत्रं थांबवली. आठ-नऊ वर्षांनी नांदेडात त्या दोन आकड्यांवरून मी एका मुलाला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. वाघाला, रंगाला, देशाच्या नावाला कारण असू शकतं हे मला पुढे शिकायला मिळालं. मोंढ्यातल्या मुलाच्या बाबतीत मात्र मी एवढंही केलं नाही की १२३ किंवा १२४ आपल्यापैकी कोणी कधी पाहिला आहे का, असं वर्गाला विचारावं. कोणीच पाहिला नव्हता. पाहणार कसा?

मेळाव्याच्या गटातून शेठचा नंबर मिळाला. आता तो निजामाबादेत असतो. मराठी बोलताना मधूनच तेलुगू येते. मी आधी नाव सांगितलं, मग शाळा, मग वही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मी संपाचं सांगितलं, ८०५ आणि ८०३ चं सांगितलं, माफी मागितली. जरा घाईतच मागितली.

तो म्हणाला, "म्हणजे ते अंक छापलेच नव्हते?"

"नव्हते."

"मी तेव्हा काय म्हणलो होतो?"

"तुझ्याकडं कधी नव्हतेच, असं म्हणाला होतास."

"हां." मग थोडं थांबून, "आन् माझे आठ आणे?"

ती दोन नाणी माझ्याकडे आहेत. खर्च करायची हिंमत तेव्हाही झाली नाही. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला कागदाची पुडी चिकटवून तीत ठेवली होती. चार आणे सरकारने ३० जून २०११ पासून चलनातून काढून टाकले, तेव्हा मी एक रुपया देऊ का असं विचारलं. तो नको म्हणाला. तीच घेऊन ये म्हणाला, आणि वहीही आण, सहाव्या रकान्यात मला काही लिहायचं आहे.

वही मी मेळाव्याला आणतो आहे. मराठीचे सर येणार असतील तर लाल पेनही लागेल.